घरचं फिजिक्स

कोकरे आप्पांनी पाण्यानं भरलेली बादली डोक्यावरून गरगर फिरवायला घेतली, की आमच्या आळीतल्या बायका वाळत घातलेले पापड उचलायला धावत. सकाळची वेळ, रात्रीची थर्ड शिफ्ट करून आलेला माणूस, अंगात कंपनीचा निळा ड्रेस, पायात सेफ्टी शूज, डोक्यावर पिवळं हेल्मेट. समोर पाटावर त्यांची मुलगी अश्विनी, मांडीवर बारावीचं फिजिक्सचं पुस्तक घेऊन, कुणी मैत्रीण तर बघत नाही ना या काळजीत बसलेली.

"बघ, पानी सांडतंय का? न्हाई सांडत! का? कारण सांग!" आप्पा फिरवता फिरवता ओरडायचे.

पाणी खरोखरच सांडायचं नाही. सांडायचं ते बादली थांबवताना, कारण थांबवायची कशी हे त्या धड्यात नव्हतं. ते पाणी बहुतेक वेळा आमच्या ओट्यावर यायचं, आणि ओट्यावर पेपर वाचत मी बसलेला असायचो.

आम्ही दौंडला एका आळीत भिंतीला भिंत लागून राहत होतो. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. आप्पा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर ऑपरेटर. मूळचे ते कवठे येमाईचे. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. आप्पा शिरूरला कॉलेजात जाऊन बीएस्सीच्या पहिल्या वर्षापर्यंत पोचले आणि तिथंच थांबले. का थांबले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण फिजिक्सवर हक्क असा सांगायचे, की जणू सातबाऱ्यावर त्यांचंच नाव आहे. वय असेल चाळिशीचं, तरी सगळी आळी त्यांना आप्पा म्हणायची. त्यांची मुलगीसुद्धा.

"का? कारण सांग" हा प्रश्न ते लहानथोर न बघता कुणालाही विचारत. दूधवाल्याला विचारत, साय वरच का येते. न्हाव्याला विचारत, आरशात डावं उजवं का होतं, आणि तेही वस्तरा गळ्यावर असताना. एकदा आमच्या हिनं चहा दिला तर म्हणाले, "कपापेक्षा बशीत च्या लवकर निवतो, वहिनी. का? कारण सांगा." त्या दिवसापासून आमच्याकडं आप्पांना चहा नुसत्या कपात मिळू लागला.

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा बारावीच्या मार्कांवरच इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरायचा. एकेका मार्कासाठी आईबाप देव पाण्यात घालून बसत. गावात जिकडंतिकडं क्लास निघाले होते. त्यातला सगळ्यांत नावाजलेला क्लास एका जुन्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये भरायचा. पत्रे तेच, जाळ्या त्याच, फक्त पक्षी बदलले होते. सर माइकवरून शिकवत, आणि मागच्या रांगेतल्या पोरांना सर दिसत नसल्यानं ती नुसता आवाज उतरवून घेत. कॉलेजातले मास्तर "हे क्लासला झालं असेल" म्हणून पुढं सरकत आणि क्लासचे सर "हे कॉलेजात झालं असेल" म्हणून. मधल्यामध्ये ते व्हायचंच राहायचं.

मी या भानगडीत तटस्थ होतो. मराठीचा क्लास लावल्याचं मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. मराठी आपोआप येते असा आपल्याकडं समज आहे. पेपर तपासणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं.

अश्विनी पोरगी हुशार. तिला इंजिनिअर व्हायचं होतं आणि ते तिनं दहावीतच सांगून ठेवलं होतं. अडचण एकच होती, ती म्हणजे आप्पा. आळीतली झाडून सगळी पोरं क्लासला जात असताना आप्पा म्हणाले, फिजिक्स मी घरीच शिकवणार.

"गुरुजी, आमच्या म्हाताऱ्यानं कवा आपली मेंढरं दुसऱ्याच्या कळपात घातली न्हाईत," ते मला म्हणाले. "घातली की ती सांजच्याला आपला आवाज वळखत न्हाईत. केमिस्ट्री जाऊ द्या, मॅथ जाऊ द्या. फिजिक्स भाईर न्हाई द्यायचं."

म्हणजे घरात गणिताला आणि केमिस्ट्रीला क्लास, फिजिक्सला आप्पा. हे म्हणजे दोन दुखण्यांना डॉक्टर आणि तिसऱ्याला मांत्रिक असा प्रकार होता, पण ते त्यांना सांगणार कोण?

आप्पांचं शिकवणं शिफ्टवर चालायचं. फर्स्ट असली की संध्याकाळी, सेकंड असली की सकाळी, थर्ड असली की ड्युटीवरून आल्या आल्या, डोळे तांबारलेले असताना. शिकवायच्या आधी हेल्मेट चढवायचं, हा नियम. का, असं मीच एकदा विचारलं. "सवय, गुरुजी. हेल्मेटबिगर डोस्कं चालत न्हाई." थर्ड शिफ्टच्या आठवड्यात मात्र हेल्मेट असूनही ते चालायचं नाही. भिंगाच्या धड्यात त्यांनी एकदा प्रकाशाचे सगळे किरण उलट्या बाजूला वळवले आणि तसेच वळलेले ठेवून बसल्या जागी झोपी गेले. अश्विनीनं ते मुकाट्यानं खोडून सरळ केले.

आगगाडी जवळ येताना शिट्टीचा आवाज बारीक आणि लांब जाताना जाड का होतो, हे शिकवायला ते पोरीला रेल्वे फाटकापाशी घेऊन गेले. एक मालगाडी सिग्नलला उभी होती. ती तासभर जागची हलली नाही आणि तासभर एकाच सुरात शिट्ट्या मारत राहिली. आप्पा तिथंच फाटकाच्या कट्ट्यावर बसून "आता हालंल, आता हालंल" म्हणत होते. शेवटी कोकरेवहिनी जेवणाचा डबा घेऊन फाटकावर गेल्या. शिट्टीचा तो धडा अश्विनीला शिट्ट्या ऐकताना कळला की डबा खाताना कळला, मला सांगता येणार नाही.

आणि मग कॉलेजची चाचणी परीक्षा आली. पोरीची गणितं एकाआड एक चुकली. पद्धत बरोबर, सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि उत्तर चूक. वळणावर गाडी जास्तीत जास्त किती वेगानं सुरक्षित नेता येईल, याचं उत्तर वीस. हिनं लिहिलं अठरा. दोरी तुटायच्या आत गोटा किती वेगानं फिरवता येईल, उत्तर दहा. हिनं लिहिलं नऊ. कॉलेजच्या मास्तरांनी विचारलं तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "सर, सेफ्टी मार्जिन."

त्या संध्याकाळी कोकऱ्यांच्या घरात जे भांडण झालं ते ऐकायला मला भिंतीला कान लावावा लागला नाही. थोड्या वेळानं तिघंही आमच्या ओट्यावर आली. निवाडा करायला मी. विषय फिजिक्स. काय पण न्यायाधीश!

"गुरुजी, तुमीच सांगा," आप्पा म्हणाले. "प्लँटमधी गेजवर धाची लाल रेघ आसली, तर मी बॉयलर धावर चालवीन का? नवावर चालवीन. धावर चालवनारा मानूस पेन्शन खात न्हाई."

"आवो, पन परीक्षेत बॉयलर फुटनार व्हता का?" वहिनी कडाडल्या. "कागदावरची दोरी ती! तुटली तर तुटली! पोरीचं इंजिनेरिंग तुमच्या मार्जिनमधी गेलं म्हंजी मंग?"

"दोरी तुटंपर्यंत फिरवायचीच कशाला, मी म्हनतो."

"प्रश्नात इचारलंय म्हनून!"

मी पोरीकडं वळलो. "अश्विनी, तुला काय वाटतं?"

तिनं पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरली. मग म्हणाली, "मला क्लासला जायचंय, आप्पा."

मी इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण कुणी काही बोलल्यावर आप्पांनी कारण विचारलं नाही असं तेव्हा पहिल्यांदाच झालं. त्यांनी हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "जा की मंग. न्हाई कोन म्हनतंय."

दुसऱ्या दिवशी त्या पोल्ट्रीच्या शेडमधल्या क्लासात तिचं नाव घालायला ते मलाही बरोबर घेऊन गेले. मला वाटलं, आता गप्प बसतील. पण खोड ती. क्लासचे सर तिशीच्या आतले, इन केलेला शर्ट, खिशाला दोन पेनं. आप्पांनी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "सर, आभाळ निळं का दिसतं? कारण सांगा."

सरांनी घड्याळात बघितलं. "ते पोर्शनमध्ये नाही."

"आभाळ?"

"हो. त्यावर प्रश्न येत नाही."

आप्पांनी वर पत्र्याकडं बघितलं. "बरुबर हाय. हितनं दिसत बी न्हाई," ते म्हणाले आणि पोरीचं नाव घालून आले.

खोटं कशाला बोलू, क्लासचा उपयोग झाला. तिथं कारण विचारत नसत, पण गणितं मात्र घाण्याला जुंपल्यासारखी सोडवून घेत. अश्विनीची उत्तरं जिथल्या तिथं येऊ लागली. वहिनींच्या चेहऱ्यावर रंग आला. आळीत पापड निवांत वाळू लागले आणि माझा पेपर कोरडा राहू लागला. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. तसं झालं नाही.

कारण आता आप्पांनी मोर्चा माझ्याकडं वळवला. संध्याकाळी हेल्मेट घालून ते आमच्या ओट्यावर येत. "गुरुजी, मोकळं हाय का? जरा उष्णता घेऊ." पन्नाशीकडं झुकलेला, केसांत चांदी आलेला मी मराठीचा मास्तर, आणि मला उष्णता! टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला. डोकं दुखतंय म्हणालो, तर डोकं दुखताना कपाळ गरम का लागतं यावर अर्धा तास झाला. शेवटी शरण गेलो. एकदा त्यांनी आमच्या हिचा प्रेशर कुकर ओट्यावर मांडला. "हे बघा. आत दाब वाढला की पानी लवकर उकळत न्हाई, जास्ती तापल्यावर उकळतं. म्हनून डाळ पटकन शिजती. ह्यावर माझी रोजीरोटी हाय, गुरुजी. झोपेत इचारलं तरी ह्यात चुकनार न्हाई."

मला ते कळलं. आयुष्यात फिजिक्समधलं पहिल्यांदाच काही कळलं, आणि त्याचा रागही आला, कारण शाळेत कुणी असं कुकर मांडून सांगितलं नव्हतं.

"मग पोरीला असं शिकवायचंत की," मी जरा टोचून म्हणालो. "बादल्या कशाला फिरवल्यात?"

आप्पा कुकरच्या झाकणाची रिंग काढत-घालत बसले. "शिकवायचं कुनाला व्हतं, गुरुजी," ते म्हणाले. "ही शाळंत जायची तवा मी झोपलेला. मी उठायचो तवा ही शाळंत. सेकंड आसली की मी येईस्तोवर ही झोपलेली. वर्सं गेली तशी. पोरगी मला पाव्हन्यावानी वागवाया लागली. पानी देती, च्या देती, बोलत न्हाई. मंग बारावीचं फिजिक्स निघालं. तासभर समोर बसायची. माझं चुकलं की हासायची बी."

एवढं बोलून ते उठून गेले. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि माझ्या टोचण्याचीही लाज वाटली.

अश्विनीला मार्क चांगले पडले. पुण्याच्या कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला आणि ती हॉस्टेलवर गेली. वहिनी आठ दिवस रडल्या. आप्पांनी आळीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला पेढा देताना, खव्याचा रंग भाजल्यावर तांबूस का होतो, ते विचारलं. ओट्यावर मात्र ते त्यानंतर कमी येऊ लागले.

तेव्हा फोन आमच्याकडं होता, त्यांच्याकडं नव्हता. अश्विनी रविवारी दुपारी फोन करायची. आईशी दोन शब्द बोलून झाले की, "आप्पांना दे, एक शंका आहे," म्हणायची. आप्पा फोन दोन्ही हातांनी धरत आणि पुण्यापर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचाय अशा जोरात बोलत. पोरगी इंजिनिअरिंग शिकते, पुण्यात मोठमोठे प्रोफेसर आहेत, आणि शंका विचारते कुणाला, तर कुरकुंभच्या बॉयलरवाल्याला! मला हसू यायचं.

एका रविवारी मी खुर्चीत पेंगत होतो आणि आप्पा फोनवर ओरडत होते. "व्हय! दाब वाढला की पानी लवकर उकळतं! कमी तापमानाला! व्हय, व्हय, लिहून घे!"

मी खडबडून जागा झालो. फोन ठेवल्यावर म्हणालो, "आप्पा, हे काय सांगितलंत? मला तुम्ही उलटं शिकवलं होतं. कुकर मांडून."

"व्हय. तुमाला बरुबर शिकवलं व्हतं."

"मग तिला?"

"तिला चुकीचं सांगितलं."

"का? कारण सांगा," या वेळी मीच म्हणालो.

"तिला ते समदं येतंय, गुरुजी. माझ्यापेक्षा जास्ती येतंय. मला बरं वाटावं म्हनून इचारती, ते का मला कळत न्हाई?" आप्पा चपला पायात सरकवत म्हणाले. "मी बी मंग एक चूक ठेवून देतो. पोरगी हुशार हाय, चूक काय तिला ऱ्हावू देत न्हाई. ती दुरुस्त कराया पुढच्या रविवारी परत फोन करती."

आणि बॉयलरला रविवार नसल्यामुळं, सेकंड शिफ्टची बस गाठायला ते घाईनं निघून गेले.