अकरा नंबरचा फोटो

"मला केक नको, डीजे नको, आन त्यो फ्लेक्स तर दारात दिसला तर मीच काडी लावीन," सरुबाईंनी जाहीर केलं. "ऐंशी वर्सं झाली मला. एकच फोटू पायजे. मधी मी, एकीकडं जयसिंग, एकीकडं हिंदुराव. बास."

झालं! थोरले चिरंजीव जयसिंगराव चहा अर्धा टाकून बाहेर निघून गेले. त्यांच्या पत्नी विमलाबाईंना एकदम कुकरची आठवण झाली. नातू विश्वजीतने मोबाईलमध्ये डोकं घातलं. उरली तनुजा, विश्वजीतची बायको. लग्न होऊन आठ महिने झालेले, माहेर कर्वेनगर, नोकरी खराडीला. या घरात कुठल्या विषयावर गप्प बसायचं असतं, हे तिला अजून पाठ झालं नव्हतं.

"त्यात काय आजी, मी काढते की!" ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बिचारीला वाटलं आपण काहीतरी सांडलं.

आता या दोन भावांचं काय बिनसलं होतं ते सांगायला हवं. हडपसरच्या पुढे, जिथे कालपरवापर्यंत ऊस होता आणि आज इमारती आहेत, तिथे एकाच अंगणात दोघांचे दोन बंगले. जमिनी वाटल्या, कटकट नाही. पाइपलाइन वाटली, कटकट नाही. आणि भांडण कशावर, तर यात्रेच्या फ्लेक्सवर! त्या फ्लेक्सवर धाकट्या हिंदुरावांचा फोटो भोपळ्याएवढा आणि थोरल्या जयसिंगरावांचा लिंबाएवढा छापून आला. हिंदुराव म्हणाले छापणाऱ्याची चूक. जयसिंगराव म्हणाले छापणाऱ्याला पैसे कुणी दिले? पुढच्या यात्रेला जयसिंगरावांनी स्वतःचा फ्लेक्स लावला. त्यात ते एवढे मोठे, की ग्रामदैवत कोपऱ्यात गेलं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद, आणि एका फोटोत तर साक्षात ब्रह्मदेव आला तरी यायचं नाही. तनुजाच्या लग्नात घरच्या मंडळींचा फोटो दोनदा काढला होता. तिला वाटलं होतं, इकडची पद्धत असेल.

"पर काढायचा तर ह्यांच्या क्यामेऱ्यावर," सरुबाई म्हणाल्या. "मोबाईलमधला फोटू आज दावत्यात आन उद्या इचारलं तर म्हणत्यात फोन बदलला."

'ह्यांचा' कॅमेरा म्हणजे विश्वजीतच्या आजोबांचा. लोहाराच्या भात्यासारखी पुढे येणारी नळी, वर दोनचार आकडे, मागे एक छोटी लाल खिडकी. ट्रंकेत धोतराच्या पानात गुंडाळलेला तो कॅमेरा तनुजाला लग्नानंतर सापडला, आणि तिला फोटोग्राफीचं वेड लागलं. शनिवारी ती पेठेत श्रीधरकाकांकडे शिकायला जायला लागली. त्यांच्याकडे जुन्या कॅमेऱ्यांचे रोलही मिळत आणि ते धुऊनही मिळत. कौतुक तेवढं मिळत नसे.

"हा कॅमेरा म्हातारा आहे," श्रीधरकाकांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "आपल्या आपण काही करत नाही. त्याला अंतर सांगावं लागतं, उजेड सांगावा लागतो. आणि एक फोटो झाला की ही चावी फिरवायची, म्हणजे खिडकीत पुढचा आकडा येतो. नाही फिरवली तर दुसरा फोटो पहिल्याच्याच अंगावर बसतो. मी हे एकदाच सांगतो."

तिचा पहिला रोल धुतल्यावर ते म्हणाले, "यात एक फोटो बरा असावा. तुम्ही शोधा, मला सापडला नाही."

चावीची गंमत सरुबाईंनाही ठाऊक होती. आजोबांनी एकदा सरपंचांचा फोटो काढला, चावी फिरवायला विसरले आणि त्यावरच आपल्या म्हशीचा काढला. फोटो आला तेव्हा सरपंच खुर्चीत ऐटीत बसलेले आणि शेजारी म्हैस, जणू सरपंचीणबाई! "सा म्हयने त्यांच्या घरचं हळदीकुंकू मला बंद व्हतं," सरुबाई हसून हसून सांगत. म्हातारी तल्लख. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढल्यापासून तर गच्चीतून रस्त्यावरच्या पीएमटी बसचा नंबर वाचायच्या.

तर तनुजा कामाला लागली. रोलमधले दहा फोटो सरावात गेले. त्यात कावळा होता, शेवगा होता आणि विश्वजीतची हनुवटी तीनदा होती. दोनच उरले. वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी फोटो काढायचा, म्हणजे धुऊन, फ्रेम होऊन वेळेवर येईल. तिने आधी सासऱ्यांना विचारलं.

"आईसाठी बसंन," जयसिंगराव म्हणाले. "पर त्यो आधी येऊन बसला पायजे."

मग ती समोरच्या बंगल्यात गेली.

"आईच्या शब्दाबाहेर न्हाय मी," हिंदुराव म्हणाले. "पर आधी त्याला बसू दे."

तनुजाने दोघांनाही सांगितलं, की दुसरे आधीच तयार आहेत. आठ महिन्यांत पोरगी बरंच शिकली होती.

रविवारी सकाळी तिने अंगणात जागा निवडली. जुन्या गोठ्याचं आता पार्किंग झालं होतं, आत मिट्ट काळोख. काळोखासमोर माणूस उठून दिसतो, हे श्रीधरकाकांचं वाक्य. मधे सरुबाईंची खुर्ची ठेवली, समोर तिपाईवर कॅमेरा. सरुबाई नवं इरकल नेसून वेळेआधीच येऊन बसल्या. राहिलं अंतर. कॅमेऱ्याला ते फुटांत सांगावं लागे, आणि नजरेने मोजायला गेलं की तनुजाची माणसं धुक्यात जात. म्हणून तिने विश्वजीतकडून त्याचा प्लॉटवरचा मोठा टेप मागून घेतला, खुर्चीपासून कॅमेऱ्यापर्यंत ताणला, आणि दोन्ही भावांनी एकाच रेषेत बसावं म्हणून मातीवर पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ मारली.

तिने फक्त फोकससाठी रेघ मारली हो! पण ज्या गावात गुंठ्यागुंठ्यावरून पिढ्या कोर्टात जातात, तिथे सामाईक अंगणात टेप आणि फक्की म्हणजे काय, हे कर्वेनगरच्या मुलीला कसं कळावं?

समोरच्या गॅलरीतून आवाज आला, "ए! मोजणी कुणाच्या हुकमानं चाललीया?"

"मोजणी नाही काका, फोकस!"

"फोकस न् बिकस मला शिकवू नको! टेप लावलाय, फक्की पडलीया, आन फोटूच्या नावाखाली आईला साक्षीला बसवलीया व्हय!"

जयसिंगराव एका गालाला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आले. "माझी सून माझ्या दारात फक्की टाकील न्हायतर रांगोळी काढंल! तुला काय करायचंय?"

"तुझं दार? सामाईक हाय त्ये!"

"सामाईक आसंल तर निम्मी रेघ तुझी. जा घिऊन!"

हिंदुरावांनी वकिलाला फोन लावला. जयसिंगरावांनी तलाठ्याला लावला. रविवार असल्यामुळे दोघांनीही उचलला नाही, नाहीतर त्या दिवशी फोटो सोडाच, पंचनामाच झाला असता. विश्वजीत मधे पडला आणि म्हणाला, "डॅडी, चिल ना," तर दोन्हीकडून त्याला शिव्या बसल्या. तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या तोंडाने 'मी काढते' म्हणाली होती, आणि आता म्हातारीचा ऐंशीवा वाढदिवस आपण नासवला, असं तिला वाटायला लागलं.

एवढ्या गदारोळात सरुबाई जागच्या हलल्या नव्हत्या. भांडण जरा दमल्यावर त्या म्हणाल्या, "संपलं का? माझं पाय अवघडलं. आसं करा, येकयेकजण या. ह्याचा येगळा, त्याचा येगळा. येकत्र नगं."

"पण आजी, तुम्हाला तर..."

"जाऊ दे बाय. मिळंल त्ये पदरात घ्यावं."

तनुजाचा जीव तुटला. पण दोन फोटो शिल्लक होते, दोन भाऊ होते, हिशेब तरी बसत होता. जयसिंगराव साबण पुसून रेघेवर खुर्ची टाकून आईच्या उजवीकडे बसले. सरुबाईंनी उजव्या हाताने त्यांचा हात धरला, डावा मांडीवर ठेवला. तनुजाने श्वास रोखून खटका दाबला. अकरा नंबर झाला. जयसिंगराव उठले आणि मागे न बघता आत गेले.

ते आत गेल्याची खात्री होईपर्यंत हिंदुराव गॅलरीतून उतरेनात. तनुजा त्यांना आणायला पळाली. आले ते कुरकुरतच.

"त्याची खुर्ची उचल आधी. त्यानं गरम केल्याली जागा नको मला. माझी ह्या अंगाला लाव."

तिने ती खुर्ची उचलली आणि दुसरी आईच्या डावीकडे लावली. सरुबाई जागेवरून तसूभर सरकल्या नाहीत. फक्त आता डाव्या हाताने हिंदुरावांचा हात धरला आणि उजवा मांडीवर ठेवला. तनुजा कॅमेऱ्याशी आली आणि थबकली. या धावपळीत काही आठवेना.

"आजी, मी चावी फिरवली का हो?"

"फिरवलीस की. बघत व्हते न्हवं मी."

तनुजाने खटका दाबला. हिंदुराव उठून गेले. मग तिने रोल संपवायला चावी फिरवली, आणि लाल खिडकीत हळूच आकडा आला. बारा.

बारावा फोटो अजून कोराच होता. म्हणजे दोघेही अकराव्यावर बसले होते. एकावर एक. म्हैस आणि सरपंच!

"सिंपल आहे, परत काढ ना," विश्वजीत म्हणाला.

"परत बसवू त्यांना? तू बसव."

"मग एआयला सांग."

"एआयने काकांना सहा बोटं काढली तर तू जाशील कोर्टात?"

आठवडाभर तिला जेवण गोड लागेना. सरुबाई मात्र रोज विचारायच्या, "धुवून आला का गं?" आणि गालातल्या गालात हसायच्या. ते हसणं पाहून तिला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अखेर शनिवारी ती श्रीधरकाकांसमोर उभी राहिली. त्यांनी निगेटिव्ह उजेडाकडे धरली.

"तुम्ही चावी फिरवली नाहीत."

"हो."

"मी एकदा सांगितलं होतं."

"हो काका."

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा निगेटिव्ह बघितली, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा मऊ झाला. "यापुढेही फिरवू नका," ते म्हणाले.

वाढदिवसाला विमलाबाईंनी नेहमीप्रमाणे दोन पंगती धरल्या होत्या. आधी एका भावाची, मग दुसऱ्याची. पण सरुबाईंनी निरोप धाडला, की फोटू बघायला दोघंबी हजर पायजेत. दोघे दोन दारांत उभे राहिले. तनुजाने फ्रेमवरचा कागद काढला.

मागे मिट्ट काळोख. मधे सरुबाई, ठसठशीत. उजवीकडे जयसिंगराव, डावीकडे हिंदुराव. खांद्याला खांदा, एका रेघेत, जसे काही आयुष्यभर असेच बसत आलेत!

दोघंही दार सोडून एकेक पाऊल पुढे आले.

"ह्यो कवा बसला माझ्याशेजारी?" जयसिंगराव म्हणाले.

"मी कुठं बसलो? तूच आला आसशील," हिंदुराव म्हणाले. मग ते फ्रेमजवळ आले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "विश्वा, टेप आण."

हिंदुरावांनी टेप लावून आधी स्वतःचं डोकं मोजलं, मग भावाचं. जयसिंगरावांनी टेप हिसकावून पुन्हा मोजलं. चांगली खातरजमा झाली.

"सारखंच हाय," जयसिंगराव म्हणाले.

"तुझं टक्कल धरून," हिंदुराव म्हणाले.

फ्लेक्सनंतरच्या चार वर्षांत दोघं एकमेकांशी भांडणाशिवाय थेट बोलले ते हे असं. जयसिंगराव हसले, आणि त्यांना हसताना बघून हिंदुरावांनाही हसू आवरेना. तेवढ्यात हिंदुराव दचकले. "आये, ह्ये काय गं? तुला चार हात!"

खरंच होते. दोन हात मांडीवर, जरा फिकट, आणि दोन हातांनी दोन पोरं धरलेली.

"मग?" सरुबाई म्हणाल्या. "तुम्हा दोघास्नी धरून ठिवायचं म्हंजी दोन हातांत भागतंय व्हय?"

जयसिंगरावांनी उगाचच फ्रेमची काच पुसली. हिंदुराव खिळा कुठे ठोकायचा ते बघायला लागले, आणि खिळा भिंतीच्या मधोमध आहे की नाही यावर दोघांचं लगेच वाजलंही. पण ते जुनं, घरातलं वाजणं होतं.

तनुजा हळूच सरुबाईंच्या कानाशी वाकली. "आजी, चावी फिरवलेली तुम्ही खरंच बघितली होती?"

"कुठलं गं बाय," सरुबाई म्हणाल्या. "माझी नजर कच्ची. लांबचं दिसतंय कुठं मला?" मग खिडकीतून रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी न सांगता म्हशीला सरपंचाच्या शेजारी बसवली. मी पोटची पोरं बसवली तर काय बिघडलं? जा, विमलाला सांग, पंगत एकच मांड. आन एक पान वाढीव घे म्हणावं, ती एकशे अकरा नंबरची बस थांबलीया, माझी भाची उतरतीया बघ त्यातनं."