तांडेलकाकांच्या चकत्या

तांडेलकाका कोणाच्याही घरात शिरले की माणसांकडे नंतर बघत, आधी टीपॉयकडे बघत. मग वाकून टीपॉयवरची चकती उचलायची, उजेडाकडे धरायची, अंगठ्याने दाबायची, एकदा नाकाशी न्यायची आणि खुर्चीत बसत म्हणायचं, "पाहणीला आलेलो." आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधलं एकही घर या पाहणीतून सुटलेलं नव्हतं.

या चकतीचं खरं नाव कोस्टर. गरम कपाखाली ठेवायची वस्तू. हे नावसुद्धा आम्हाला काकांनीच सांगितलं, कारण आमच्यापैकी कोणाकडेच ती नव्हती आणि नसल्याचं दुःखही नव्हतं. आमच्याकडे कपाखाली बशी असते. बशी असताना तिच्याखाली आणखी काय ठेवायचं, असं माझ्या आईने पहिल्याच दिवशी विचारलं. काका म्हणाले, "वहिनी, बशी कपासाठी. ही बशीसाठी." यावर आईने चकती ठेवून घेतली. आई इतक्या लवकर ऐकते असं आमच्या घरात फारसं घडत नाही.

काका मूळचे ठाण्याच्या खाडीकाठचे कोळी, पण नोकरी एमआयडीसीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात. तिथे तांब्याच्या वेटोळ्यांवर इपॉक्सी रेझिन ओततात. रेझिन मधासारखं घट्ट असतं, त्यात हार्डनर मिसळला की हळूहळू कडक होतं. डब्यांच्या तळाशी दोन्हींचं जे थोडंफार उरे, ते काका सुपरवायझरला विचारून घरी आणत. एकदा साहेबांच्या केबिनमध्ये त्यांना अकीक दगडाची पातळ कापलेली चकती दिसली. आत एकात एक रंगीत कडी, आणि त्यावर साहेबांचा कॉफीचा मग. काका महिनाभर त्या चकतीबद्दलच बोलत होते. "दगडाला जमतं, मला नाय जमणार?" असं म्हणून त्यांनी काम सुरू केलं, आणि घरोघर एकेक चकती जाऊ लागली.

साच्याला श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं, कारण त्या प्लॅस्टिकला रेझिन चिकटत नाही. झाकणाची कड मेणबत्तीवर धरून वेडीवाकडी करायची, म्हणजे दगड खरा वाटतो. पाडवा जवळ आला की काका घरोघर विचारत, "श्रीखंड विकतचं ना?" कोणी घरी चक्का बांधलाय असं सांगितलं की त्यांचा चेहरा उतरे. रंगासाठी कपड्यांची नीळ, हळद, काजळ, जे हाताला लागेल ते. ओतल्यावर बुडबुडे येत. ते घालवायला काका सरबताची नळी तोंडात धरून चकतीवर फुंकर घालत बसत, आणि त्या वेळात कोणी दार वाजवलं तरी उठत नसत.

"घाई नाय करायची. माल सेट होतोय," हे त्यांचं पालुपद. ते चकतीपुरतं असतं तर ठीक होतं. पण बाबांचं प्रमोशन लांबलं, नळाला पाणी आलं नाही, माझ्या मावसबहिणीचं लग्न जमेना, सगळ्याला काकांचं एकच उत्तर होतं. मावशीला ते एकदा समोरच ऐकवलं. ती अजून बोलत नाही त्यांच्याशी.

आमच्या समोरच्या जोशीकाकूंची चकती सगळ्यात देखणी होती. निळ्या कड्यांच्या मधोमध चांदीसारखी चमक. काकूंना ती इतकी आवडली की त्यांनी ती देव्हाऱ्यात निरांजनाखाली ठेवली. काही दिवसांनी त्यांनी सहज विचारलं, "ही चमक कशाने आणलीत हो?" काका अभिमानाने म्हणाले, "बोयटाच्या खवल्यांची. धुऊन, वाळवून घातलीत. वास नाय येणार, घाबरू नका." बोयटं म्हणजे खाडीतला मासा, हे काकूंना कळायला एक क्षण लागला. दुसऱ्या दिवशी चकती देव्हाऱ्यातून टीव्हीवर गेली. फेकली मात्र नाही, हे काकूंच्या नावावर जमा करायला हवं.

इतक्या मेहनतीच्या वस्तूत दोष एकच होता. तिच्यावर गरम काही ठेवता येत नसे. चहाचा कप ठेवला की चकती मऊ पडे, बशी तिला चिकटे आणि सोडवताना तिच्यावर वळ उठे. म्हणून चहा आणण्याआधी आई चकती उचलून शोकेसमध्ये ठेवायची. पावसाळ्यात तर ती नुसतीच चिकट व्हायची. मग काका पाहणीला येत, मान हलवत, "हार्डनर कमी पडला" किंवा "हवा दमट" असं निदान करत, चकती घासायला घेऊन जात आणि परत द्यायला येत. नेताना एक चहा, आणताना एक चहा. चहाबरोबर खाडीच्या गोष्टी. गोष्टीत त्यांच्या बायकोचं नाव आलं की ते कपात बघत. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकांचं घर आमच्या डोक्यावर, पण वरून कधी आवाज म्हणून येत नसे.

आणि मग काका यशस्वी झाले. कारखान्यात नवा हार्डनर आला. त्याचा माल भट्टीत तापवून पक्का करावा लागे. सुपरवायझरने काकांना वेटोळ्यांबरोबर चकत्याही भट्टीत ठेवू दिल्या. एका रविवारी काकांनी घरोघर जाऊन जुन्या चकत्या परत घेतल्या आणि नव्या दिल्या, जोशीकाकूंना बिनखवल्यांची. आमच्याकडे उकळत्या चहाचा कप स्वतःच्या हाताने वर ठेवला, उचलून दाखवला. वळ नाही, काही नाही. बाबांनी टाळ्या वाजवल्या. "आता पाहणी बंद," काका छाती काढून म्हणाले.

पाहणी खरंच बंद झाली. पहिल्या आठवड्यात मला बरंच वाटलं, कारण अभ्यास होत होता. दुसऱ्या आठवड्यात काका दारात दिसले. "चकतीचा काय त्रास?" त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. "काही नाही, मस्त आहे," मी म्हटलं. "बरं," म्हणाले आणि जिना चढून गेले. त्यांची पावलं वरच्या दारापाशी थांबलेली मला ऐकू आली. नंतर कुलूप उघडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

"आत या म्हणाली नाहीस त्यांना?" आईने विचारलं.

"त्यांनाच यायचं असेल तर येतील की."

"अगं, एकट्या माणसाला उगीच कोणाच्या घरात शिरता येत नाही. काहीतरी कारण लागतं," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळाने बघते तर ओट्यावर चकती, आणि तिच्यावर शिट्टी झालेला कुकर. आईने कुकर उचलला. चकती जशीच्या तशी. "चिवट आहे मेली," आई पुटपुटली. मग तिने भाकरीचा तवा गॅसवर ठेवला, धूर निघेपर्यंत तापवला आणि चकतीवर टेकवून वर पोळपाट दाबून धरला. घरभर घाण वास सुटला. तवा उचलला तेव्हा चकती काळी पडून वाकली होती. "जा," आई म्हणाली, "सांग काकांना, बिघडली."

काका चष्मा पुसत आले. चकती उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला, नाकाशी नेली. कडेला भाकरीचं पीठ जळून चिकटलं होतं. ते त्यांनी नखाने काढलं आणि स्वयंपाकघरातल्या तव्याकडे एकदा बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "चहा फार गरम पिता तुम्ही."

"आमच्याकडे तसाच लागतो, भाऊजी. बसा, ठेवतेय."

काका बसले. पुसलेला चष्मा त्यांनी काढून पुन्हा पुसला. मी उठून वास जायला खिडकी उघडली.

चहा आला तेव्हा त्यांनी कप हातात घेतला. "दुसरी करून देतो. पण नवा माल तुमच्या घरी चालत नाय, दिसलंच आता. जुन्या मालाची करतो." दोन घोट घेतले. "जुन्या मालाला मात्र सारखं बघायला लागेल."

"बघा की," आई म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं. जोशीकाकू उभ्या होत्या, हातात त्यांची चकती, मधोमध मोठा काळा डाग. आमच्या घरातला वास त्यांच्यापर्यंत पोचलाच असणार.

"तांडेल इथे आहेत का?" त्यांनी विचारलं. "आमचीही बिघडली हो. आणि नवीन कराल तेव्हा ती आधीची चमक घाला, ती बरी होती."