पूर्णेच्या पुढे गाडी जाईना

मानवतकर काकांनी त्या सोमवारी माऊसला निलंबित केलं. गंमत म्हणून नाही. त्यांनी माऊसची वायर गुंडाळली, माऊस एका जुन्या पाकिटात घातला, पाकिटावर 'चौकशी पूर्ण होईपर्यंत' असं लिहिलं आणि पाकीट कपाटाच्या खणात ठेवून खणाला किल्ली लावली. मी तेव्हा दारात चपला काढत होतो. एका पायातली चप्पल तशीच राहिली.

"उमरी, आत ये," काका म्हणाले. "अपघात झालाय."

उमरी म्हणजे मी. काका माणसांना नावाने हाक मारत नाहीत, त्यांच्या स्टेशनाने मारतात. दूधवाला घटकेसर, इस्त्रीवाला काझीपेट, समोरच्या फ्लॅटमधलं आयटीतलं जोडपं दोघं मिळून 'पुणे जंक्शन'. काकू तरी यातून सुटल्या असतील असं मला वाटायचं. पण त्यांचं माहेर जालन्याचं, आणि काका घाईत असले की त्यांनाही "जालना, चहा झाला का" असं विचारतात. काकू म्हणतात, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझी गाडी अजून जालन्यातच उभी आहे."

काका निवृत्त स्टेशनमास्तर. विद्यानगरात त्यांचं छोटं दुमजली घर आहे आणि वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. ही खोली मला कशी मिळाली ते सांगायला हवं. माझे वडील उमरीच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घरात पदवीचा कागद आला तो पहिल्यांदा माझाच. नोकरी लागून हैदराबादला आलो तेव्हा या भागात मराठी घरमालक शोधत फिरलो. तीन ठिकाणी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच दिल्याचं आठवलं. चौथं घर काकांचं. त्यांनी विचारलं, "स्टेशन कुठलं?" मी म्हटलं, उमरी. "पॅसेंजर किती वाजता येते?" मी वेळ सांगितली. "आणि खरी किती वाजता येते?" मी तीही सांगितली. त्यांनी किल्ली दिली. माझं आडनाव त्यांना पुढे कुरियरवाल्याकडून कळलं, आणि त्यावर ते एवढंच म्हणाले की पाकीट पावसात भिजलंय.

तर अशा माणसाच्या घरी काही बिघडलं की मी हातातलं काम टाकून खाली जातो. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काकांच्या मते हे कॉम्प्युटरच्या गँगमनचं काम, रूळ तपासत चालायचं.

फाईल एक्सप्लोररची खिडकी आपोआप बंद होणं, याला काका अपघात म्हणतात. त्यासाठी त्यांनी एक वही केली होती. मी ती वाचली. 'वेळ सकाळी १०.४२. हवामान स्वच्छ. दृश्यमानता चांगली. चालक स्वतः. खिडकी कोणतीही पूर्वसूचना न देता बंद. मनुष्यहानी नाही. पंखा दोनवर होता.' अशा सतरा नोंदी होत्या.

"आठ दिवसांत सतरा?" मी विचारलं.

"म्हणून तर माऊसला घरी बसवला. प्रत्येक अपघाताच्या वेळी ड्युटीवर तोच होता."

"काका, माऊसचा यात काही—"

"चौकशीत निघेल ना. निर्दोष असेल तर परत घेऊ. सध्या कीबोर्डवर काम चालव." मग त्यांचा आवाज बदलला. "मजाक नाही रे, उमरी. शनिवारच्या आत पिंगळीला पोचायचंय. जब्बारसाहेबांचा आवाज तिथे आहे."

जब्बारसाहेबांना मी पाहिलेलं नाही. काका मिरखळला स्टेशनमास्तर होते तेव्हा ते शेजारच्या पिंगळीला होते. पुढच्या स्टेशनाला विचारल्याशिवाय मागच्याने गाडी सोडायची नाही, असा नियम. त्यामुळे वर्षानुवर्षं दोघं दिवसातून वीसदा फोनवर भेटायचे. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, फोन राहिला. रोज सकाळी सात वाजता. काकांचा मोबाईल प्रत्येक कॉल रेकॉर्ड करतो, आणि काका दर रविवारी ती रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर 'पिंगळी' नावाच्या फोल्डरमध्ये चढवतात आणि मोबाईलमधून पुसतात. ऐकण्यासाठी नाही. नोंद असावी म्हणून.

दीड वर्षापूर्वी जब्बारसाहेबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता नांदेडच्या एका दवाखान्यात शनिवारी कोणी तज्ज्ञ येणार होते. माणसाचं जुनं बोलणं दिलं तर ते यंत्राला शिकवतात. मग माणूस लिहील ते यंत्र साधारण त्याच्याच आवाजात बोलतं. निदान अर्धा तास सलग, स्वच्छ बोलणं हवं होतं. जब्बारसाहेबांच्या मुलीकडे लग्नाचे व्हिडिओ तेवढे होते आणि त्यात फक्त बँड ऐकू येत होता. तिने काकांना फोन केला. काका म्हणाले, बेटी, फिकर नक्को, माझ्याकडे सहा वर्षांचा आवाज आहे.

आणि तो उघडत नव्हता.

मी कीबोर्डवर बसलो. 'सिकंदराबाद' नावाचं फोल्डर उघडलं. आत काही जुने फोटो आणि एक फोल्डर, कामारेड्डी. त्यात निजामाबाद. त्यात बासर. त्यात धर्माबाद. त्यात माझं उमरी. नोकरीत मी विचित्र गोष्टी पाहिल्या आहेत, पण कॉम्प्युटरमध्ये अख्खी मनमाड लाईन टाकलेली पाहिली नव्हती.

"काका, ही सगळी एकात एक का? शेजारी शेजारी ठेवली असती तर?"

"शेजारी कशी ठेवू? कामारेड्डी टाळून निजामाबादला कसा जाशील तू? उडत?"

मुदखेड, नांदेड, पूर्णा. पूर्णा उघडलं आणि पडदा क्षणभर पांढरा झाला, खिडकी नाहीशी झाली. काकांनी घड्याळ बघितलं आणि वहीत अठरावी नोंद केली. 'चालक उमरी' असं लिहिलं.

मंगळवारी मी सगळे नेहमीचे उपाय केले. मशीन बंद करून चालू केलं, एक्सप्लोररचा जुना इतिहास पुसला, चित्रांचे छोटे नमुने दाखवणं बंद केलं, हार्ड डिस्क तपासली. बुधवारी विंडोजच्या फाईली दुरुस्त करणारी आज्ञा चालवली. ती पाऊण तास चालली आणि सगळं ठीक आहे म्हणाली. पूर्णेच्या पुढे गाडी जात नव्हती. एवढं झालं की माऊस नसतानाही अपघात होत राहिल्यामुळे माऊस निर्दोष सुटला. काकांनी तो खणातून काढला, पुसला आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नक्को."

काकू मटार सोलत होत्या. "मला नाही कधी कोणी असं म्हटलं," त्या म्हणाल्या.

गुरुवारी संध्याकाळी मला सुचलं. कंपनीत आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि घरी मी तो शेवटी विचारला. "काका, हे सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही काय केलं होतं?"

"काही नाही. बोर्ड रंगवले."

"कसले बोर्ड?"

"स्टेशनांचे. नुसती नावं बरी दिसत नव्हती."

मी फोल्डरांच्या नावांची कडेची पट्टी ओढून रुंद केली. इतके दिवस मला नावांचे पहिले शब्दच दिसत होते. आता पूर्ण दिसली. 'सिकंदराबाद जंक्शन, पिण्याच्या पाण्याची सोय आहे, उपाहारगृह आहे, दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी येथे गाडी बदलावी.' 'कामारेड्डी, फलाट लांब परंतु सावली कमी.' 'बासर, सरस्वतीच्या दर्शनाला येथे उतरावे, परतीची गाडी विचारून ठेवावी.' माझ्या गावाला लिहिलं होतं, 'उमरी, कापूस उत्तम, लोक कष्टाळू.' ते मी दोनदा वाचलं.

मग मी समजावून सांगितलं. फाईलचा पत्ता म्हणजे तिच्या वरच्या सगळ्या फोल्डरांची नावं ओळीने जोडलेली. त्या ओळीला अक्षरांची मर्यादा असते. पूर्णेपर्यंतच ती मर्यादा संपत होती, आणि पुढचं मागायला गेलं की काकांचं जुनं मशीन हात वर करत होतं. बाहेरून आत येत नावं लहान केली की झालं.

"स्टेशनचं नाव असं कोणी कापतं का?" काका म्हणाले. मग स्वतःच थांबले. "हौ, रेल्वेचे कोड आहेत ना. सिकंदराबाद दोन अक्षरांचं. नांदेड तीन." त्यांनीच बसून एकेक नाव बदललं. दहा मिनिटांत पूर्णा उघडलं, मिरखळ उघडलं, पिंगळी उघडलं. आत फाईलींची रांग लागली होती, तारखांसकट. काकांनी काकूंना बोलावलं. काकू हात पुसत आल्या. मी कुठलीतरी एक फाईल उघडली.

काकांचा आवाज आला. शेवग्याच्या झाडाला अळी लागली होती, त्याबद्दल. पाच मिनिटं अळी, मग शेजाऱ्याने सुचवलेलं औषध, मग शेजाऱ्याची अक्कल. अठ्ठावीस मिनिटांनी पलीकडून कोणी म्हणालं, "हौ." फाईल संपली.

दुसरी उघडली. काका आणि गॅसची वाट. "हौ." तिसरी. काका आणि नव्या चष्म्याचा नंबर. "अच्छा. फिर?" चौथीत जब्बारसाहेब खोकले.

"घरातही हेच चालतं," काकू म्हणाल्या, पण पुढच्या दोन फाईली ऐकताना त्या खुर्ची ओढून माझ्या मागे बसल्या. मी पुढे पुढे जात राहिलो. तासाभरात जब्बारसाहेबांचं एक अख्खं वाक्य मिळालं नाही. मी इतका हादरलो की काकांकडे बघायची हिंमत होईना. ते पडद्याकडे बघत होते.

"सहा वर्षं," ते म्हणाले. "मी त्यांना बोलूच दिलं नाही की काय?"

मग काकूच म्हणाल्या, "तुमची दाढ काढली तो दिवस बघा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. तिळाचा लाडू चावताना तुटली होती. तोंडात कापूस होता तुमच्या. तरी तुम्ही सातला फोन लावलाच होता."

तीन संक्रांतींपूर्वीची फाईल सापडली. एक्केचाळीस मिनिटांची. सुरुवातीला काकांचं नुसतं हं हं, आणि मग एक भरदार, थोडा खरखरीत, हसरा आवाज. "मिरखळ, आज मुँह बंद. आज पिंगळी बोलेगा."

आणि ते बोलले. त्यांची कबुतरं, बीबीची खट्टी दाल, नातीने शाळेत म्हटलेली मराठी कविता. एका पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं होतं आणि दोघं फोनवर एकमेकांना झोपू देत नव्हते, ती गोष्ट तर त्यांनी इतकी रंगवून सांगितली की काका हसले. मी सेकंद मोजत होतो. सलग, स्वच्छ, पुरून उरेल इतकं. काम झालं होतं. मी फाईल बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात शेवटी आवाज जरा खाली आला.

"एक बात पूछनी थी, मिरखळ. तीन महीने से गले में कुछ अटके जैसा लग रहा. घर में किसी को बोला नहीं. डॉक्टर को दिखाऊँ क्या? कल बोलो, कापूस निकालके."

काकांचं "हं" ऐकू आलं. फाईल संपली.

काकांनी माझ्या हातातून माऊस घेतला आणि स्वतः दुसऱ्या दिवशीची फाईल उघडली. बत्तीस मिनिटं. दाढ, दाढेचा डॉक्टर, त्याचा लाळ ओढणारा पंप, कापूस, सूज. आम्ही तिघांनी ती पूर्ण ऐकली. शेवटी पलीकडून "हौ" आलं.

काकूंनी जाऊन गॅस बंद केला. वरण लागल्याचा वास आला होता.

"पेन ड्राइव्हवर दे," काका म्हणाले.

"काका, त्यांच्या मुलीला मेल करतो. दोन मिनिटांत पोचेल."

"पेन ड्राइव्हवर दे."

शुक्रवारी सकाळी मी त्यांना सिकंदराबादला गाडीत बसवलं. नेहमी ते शेजारच्या प्रवाशाला बसल्या बसल्या काहीतरी विचारतात. त्या दिवशी शर्टाच्या खिशावर हात ठेवून गप्प बसले.

शनिवारी संध्याकाळी काकूंच्या सांगण्यावरून मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"दिलं दवाखान्यात," काका हळू आवाजात म्हणाले. "चांगला आहे म्हणाले आवाज. यंत्राला दोन महिने लागतील."

"आणि जब्बारसाहेब?"

"समोरच बसलेत. मी सांगितलं त्यांना. म्हटलं, तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही." काका थांबले. "तर पाटीवर लिहून दाखवलं, 'तुमची दाढ बडी थी.'"

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं की काय ते मला कळलं नाही.

"कधी येताय?" त्यांनी विचारलं.

"बघतो. ठेव आता. ते काहीतरी लांबलचक लिहून राहिले, मला वाचायचंय."

फोन बंद करायचं मात्र काका विसरले. पाटीवर पेन्सिल घासत होती, थांबत होती, पुन्हा घासत होती. एकदा कोणीतरी पाटी पुसली. काकू आणि मी टेबलावरच्या फोनकडे बघत बसलो. सात मिनिटं झाली तरी काकांचा आवाज आला नाही. मग काकूंनीच हळूच फोन बंद केला.