सिन्नरच्या स्थळाचा फोटो

सिन्नरचं स्थळ जिना चढून स्टुडिओत आलं, तेव्हा ढुंढिराज ब्रशने कागदाला रसायन लावत होता. टक्कल पडलेला, गळ्यावर दुसरी हनुवटी आलेला, महागडा शर्ट घातलेला एक गृहस्थ खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "मी हर्षल. सिन्नरला आपली फॅक्टरी आहे. ऑफिसात लावायला हाताने केलेला फोटो पाहिजे." ढुंढिराजच्या हातातला ब्रश जागीच थांबला.

या माणसाला त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण लग्न झाल्यापासून त्याच्याविषयी ऐकत आला होता. ढुंढिराजच्या बायकोला, सुमेधाला, लग्नाआधी हर्षल बघायला आला होता, पोहे खाऊन गेला होता आणि त्याच्या घरून होकारही आला होता. सुमेधाने त्याला नकार देऊन ढुंढिराजला पसंत केलं. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि ढुंढिराजला विचारायचा धीर झाला नाही. सासूबाई मात्र दर दिवाळीला फराळाबरोबर एक बातमी वाढायच्या. "त्या सिन्नरच्या मुलानं दुसरी शेड टाकली म्हणे." पुढच्या वर्षी, "जर्मनीला जाऊन आला म्हणे." जावई चकली मोडत म्हणायचा, "वा, छान."

आता ते स्थळ साक्षात समोर बसलं होतं आणि सुमेधा त्याला विचारत होती, "चहा घेणार ना?"

"चालेल की, वहिनी," हर्षल म्हणाला.

दोघांच्याही चेहऱ्यावर ओळखीची खूण नव्हती. दोघं इतकी सहज वागत होती, की ढुंढिराजचा संशय दुप्पट झाला. त्याने कसाबसा फोटो काढला. हर्षल गेल्यावर कपबशा उचलता उचलता सुमेधा म्हणाली, "फोटोला चेहरा छान आहे हो त्यांचा." झालं. ढुंढिराजच्या पोटात जी आग पडली, ती रात्रीच्या ताकभातानेही विझली नाही.

गंगापूर रोडवरचा त्याचा स्टुडिओ हातकामासाठीच ओळखला जायचा. फोटोची निगेटिव्ह करायची, ती रसायन लावलेल्या कागदावर ठेवायची, वर काच दाबायची आणि गच्चीत उन्हाला ठेवायची. नंतर कागद पाण्यात धुतला की निळा फोटो उमटतो. निळा नको असेल तर तो धुण्याच्या सोड्यातून काढून कोऱ्या चहात बुडवायचा, म्हणजे तपकिरी होतो. सगळा कारभार उन्हाच्या मर्जीवर. त्यामुळे फोटो बिघडला तर दोष उन्हाला देता येतो, हे ढुंढिराजला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जाणवलं. ऑफिसात टांगलेल्या फोटोत हर्षल ध्यान दिसला पाहिजे, आणि तो तसा दिसतो हे सुमेधाने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, एवढंच त्याचं मागणं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने कागद उन्हात ठेवला आणि खाली येऊन जेवला, वर एक डुलकी काढली. फोटो करपून काळाठिक्कर होईल अशी त्याची खात्री होती. धुतला तर हनुवटीखालची सावली गडद निळ्यात बुडून गेली होती आणि तिच्याबरोबर दुसरी हनुवटीही. उरला होता तो फक्त कणखर जबडा.

"अगंबाई, किती रुबाबदार दिसतायत," सुमेधा म्हणाली.

"कागद खराब निघाला. परत करतो," ढुंढिराज घाईघाईने म्हणाला.

या खेपेला त्याने रसायन लावतानाच हात सैल सोडला. डोक्याच्या जागी ब्रशचे जाडेभरडे फराटे मारले, म्हणजे टक्कल चांगलं डागाळेल. फोटो पाण्यातून निघाला तेव्हा टकलावरच्या फराट्यांना नीट भांग पडलेला होता. सुमेधाने शेजारच्या ब्लाउजवाल्या छायाला हाक मारून बोलावलं.

छाया डोळे बारीक करून म्हणाली, "सुमेधाताई, यांचं लग्न झालंय का हो? माझी मावसबहीण आहे."

ढुंढिराजने दात खाल्ले आणि तिसरी प्रत करायला घेतली. करपवली, फराटे मारले आणि शेवटी घरातली सगळी चहापावडर उकळून त्या काळ्या पाण्यात फोटो बुडवून ठेवला. संध्याकाळी तो बाहेर काढला, तर एखाद्या जुन्या संस्थानाचा वारस त्याच्याकडे रोखून बघत होता. शिवाय घरात चहाला पावडर उरली नव्हती.

हर्षल फोटो न्यायला आला आणि त्याने तो दोन्ही हातांनी उजेडात धरला.

"हा मी आहे?" त्याने हळूच विचारलं.

"म्हणजे, निगेटिव्ह तरी तुमचीच आहे," ढुंढिराज म्हणाला.

"मिसेसला दाखवतो. ती म्हणते, लग्नातसुद्धा तू बरा दिसत नव्हतास." त्याने ढुंढिराजचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आईवडिलांच्याही फोटोची ऑर्डर दिली आणि गेला.

आता मात्र ढुंढिराजला राहवेना. "तो कोण होता, माहितीय तुला?"

"माहितीय की. आला तेव्हाच ओळखलं. त्यानं नाही ओळखलं, बघायला आला तेव्हा सगळं लक्ष पोह्यांवर होतं त्याचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीही ओळखलंय हे कळलं मला. म्हटलं, बघू काय करतात. दुसरा कुणी असता तर मुद्दाम फोटो बिघडवला असता त्याचा. तुम्ही मात्र मनासारखा येईपर्यंत एकसारखे खपत होता. मी लगेच आईला फोन करून सांगितलं."

ढुंढिराजला घरात तोंड लपवायला जागा सापडेना. "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, जावई मनानं मोठा निघाला."

लाज आणि आनंद एकदमच वाटल्यामुळे त्याला धीर आला. इतकी वर्षं घशात अडकलेला प्रश्न त्याने विचारून टाकला. "तेव्हा त्याला सोडून मला होकार का दिलास?"

सुमेधा लाजली. "तुमच्या फोटोवरून. खिडकीशी बसला होतात, अर्ध्या चेहऱ्यावर ऊन. मध्यस्थ म्हणाले, मुलगा फोटोग्राफी शिकतोय. म्हटलं, ज्याला स्वतःचा असा फोटो काढता येतो, तो आपल्याकडेही नीट बघेल."

ढुंढिराजला तो फोटो लख्ख आठवला. मनमाडला स्टेशनसमोर जयराम नावाचा एक फोटोवाला होता, त्याने काढलेला. "लय हालता राव तुम्ही," असं म्हणत जयरामने त्याची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली होती.

"तुम्हीच काढला होता ना तो?" सुमेधाने विचारलं.

"मग काय," ढुंढिराज म्हणाला.

"तर तसा माझाही काढा. इतक्या वर्षांत माझा एक फोटो धड काढला नाहीत तुम्ही."

ती दुपार त्याने सुमेधाला खिडकीशी बसवण्यात घालवली. खुर्ची पुढे झाली, मागे झाली, पडदा निघाला, पुन्हा लागला. प्रत्येक फोटोत सुमेधा बँकेत नंबर यायची वाट बघत बसल्यासारखी दिसत होती.

"बरे आहेत," ती म्हणाली. "पण तुमच्या त्या फोटोची सर नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कागद आणायला जातो असं सांगून ढुंढिराज मनमाडच्या गाडीत बसला. हर्षल आता त्याच्या डोक्यात कुठेच नव्हता. जयराम भेटलाच तर त्याच्या पाया पडावं की त्याची गचांडी धरावी, हे लासलगाव मागे पडलं तरी त्याचं ठरलं नव्हतं.