आरसा पुढे गेला

"दारात स्वतःची गाडी असताना आरशासाठी टेम्पो कशाला? लोक हसतील," असं म्हणून विमावाल्यांनी ठरलेला टेम्पो आदल्या दिवशीच रद्द केला होता.

त्यांच्या बायकोचं शिवणकामाचं दुकान आज सुरू होणार होतं. इतकी वर्षं तिने जेवणाच्या टेबलावर कापड बेतलं होतं आणि मुलांना अभ्यासाच्या खोलीतून बाहेर काढून गिऱ्हाइकांची मापं घेतली होती. आता कुठे स्वतःचं दुकान झालं होतं. अकरा वाजता एका शाळेच्या मुख्याध्यापिका कोट घालून बघायला येणार होत्या. कोट पसंत पडला तर सगळ्या शिक्षिकांच्या कोटांचं काम मिळणार होतं. दुकानात सगळं लागलं होतं, फक्त आरसा यायचा होता.

काचवाल्याच्या दुकानात तो आरसा पाहून विमावाले गप्प झाले. दिवसभर लोकांना विम्याचं महत्त्व पटवणाऱ्या या माणसाच्या बाबतीत असं सहसा होत नसे. आरसा त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता. तो गाडीत आडवा घालून पाहिला, तिरका घालून पाहिला, पुढची सीट पार झोपवून पाहिला. शेवटी आरसा बाहेरच राहिला आणि विमावाले आत अडकले.

"टपावर बांधू या," ते कसेबसे बाहेर येत म्हणाले.

"बांधा की," काचवाला म्हणाला. "निघताना एक आरसा असेल, पोचाल तेव्हा शंभर होतील."

टेम्पोवाल्याला फोन केला, तर तो दुसऱ्याचं कपाट घेऊन निघाला होता. "काल तुम्हीच नको म्हणालात ना," असंही त्याने ऐकवलं.

"समोर मेट्रोचं स्टेशन आहे. चला, मी एक बाजू धरतो," काचवाला म्हणाला.

मेट्रोचं काम चालू असताना विमावाल्यांनी तिला इतकी नावं ठेवली होती, की ती सुरू झाल्यावर तिच्यात बसायची त्यांना लाज वाटत होती. पण दहा वाजून गेले होते. गाडी तिथेच सोडून त्यांनी आरशाची दुसरी बाजू धरली.

फाटकावरच्या रक्षकाने हात आडवा केला. "काच नेता येणार नाही."

"काच नाही हो, आरसा आहे."

रक्षकाने आरशात पाहिलं. टोपी जरा सरळ केली, मिशीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाला, "सांभाळून न्या."

काचवाला आरसा डब्यात टेकवून परत गेला. डब्यात सायकल घेतलेला एक उंच माणूस होता. त्याने न सांगता आरशाची वरची कड धरली. रात्रपाळी संपवून आलेली एक परिचारिका बसली होती, तिने खालची कड पायाने अडवली. गाडी निघाली आणि घरांच्या छपरांवर आली. ज्या चौकात विमावाल्यांनी आयुष्याचे कितीतरी तास हॉर्न वाजवत घालवले होते, तो चौक खालून काडेपेटीएवढा होऊन मागे गेला. समोरच्या खिडकीत नदी दिसत होती आणि आरशात तीच नदी दुसऱ्या बाजूने येत होती. आपल्या शहराला नदीकाठी एवढी झाडं आहेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते पाहतच राहिले.

मग त्यांना कंठ फुटला. दुकान कुठे आहे, कोणत्या बसने जायचं, मुख्याध्यापिका किती चोखंदळ आहेत, बायकोने पहिलं शिवणयंत्र कसं घेतलं, हे सगळं डब्याला कळलं. शेजारच्या गृहस्थांनी नुसतं "अजून विमा काढला नाही" एवढं म्हटलं आणि पुढच्या स्टेशनवर उतरायला उठले. विमावाले कार्ड काढत त्यांच्या मागोमाग गेले.

"हप्ता अगदी चहापाण्याच्या खर्चात बसतो," ते म्हणाले, आणि आपण फलाटावर उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. मागे दार बंद झालं होतं. काचेतून सायकलवाला हात हलवत काहीतरी सांगत होता. आरसा पुढे गेला.

पुढच्या गाडीची वाट पाहण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता. रस्त्याने गाठू, असं ठरवून ते खाली धावले आणि टॅक्सीत बसले. टॅक्सी वळणावरून मोठ्या रस्त्याला लागली आणि थांबली. पुढे नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या होत्या. डोक्यावरून एक मेट्रो गेली. पाच मिनिटांनी दुसरी गेली. टॅक्सीवाल्याने इंजिन बंद करून पेपर उघडला.

बायकोचा फोन आला. "अहो, कुठपर्यंत आलात?"

"आलोच."

"आरसा नीट आहे ना?"

"शेवटचा पाहिला तेव्हा एकदम नीट होता."

एवढ्यात तिकडे कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला. विमावाले टॅक्सी सोडून चालत निघाले.

ते घामाघूम होऊन दुकानाशी पोचले तेव्हा बारा वाजायला आले होते. नवा आरसा कोपऱ्यात उभा होता. त्याच्यासमोर मुख्याध्यापिका नवा कोट घालून डावी-उजवीकडे वळून पाहत होत्या. बाकावर ती परिचारिका चहा पीत बसली होती.

"हा इथे कसा आला?" विमावाल्यांनी तिला विचारलं.

"सायकलवाले दादा त्यांचं स्टेशन सोडून पुढे आले आणि लिफ्टपर्यंत पोचवून गेले," ती म्हणाली. "खाली चौघांनी बसपर्यंत धरला. बसवाल्याने बस फुटपाथला टेकवून फळी टाकली. माझं घर खरं तर दुकानाच्या आधीच येतं, पण म्हटलं, आता सोडवत नाही, शेवटपर्यंत जाऊ."

"स्टेशनात का नाही ठेवलात?"

"तुम्हीच सांगितलंत ना, अकराला गिऱ्हाईक आहे म्हणून."

"आणि गिऱ्हाईक त्याच बसमध्ये होतं," मुख्याध्यापिका आरशातूनच म्हणाल्या. "एक कोपरा मी धरला होता. मी चोखंदळ आहे, हेही मला बसमध्येच कळलं. बाई, बाह्या अर्धं बोट कमी करा. बाकीच्या कोटांची मापं सोमवारी घ्यायला या."

विमावाले स्टुलावर बसले. त्या माणसांतल्या एकाचंही नाव त्यांना माहीत नव्हतं. सायकलवाल्याला तर ते आभाराचा शब्दही बोलले नव्हते. माणसांशी बोलण्यात आयुष्य गेलं, पण असं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मुख्याध्यापिका आणि परिचारिका गेल्यावर बायको त्यांच्याजवळ आली. तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि हळू आवाजात विचारलं, "अहो, टेम्पो नको म्हणालात तेव्हा मला राग आला होता. पण एवढी भली माणसं आणलीत कुठून?"

विमावाल्यांनी पेला रिकामा केला.

"मी नाही आणली," ते म्हणाले. "ती दर पाच मिनिटांनी येतात."