दोन डोमकावळे आणि माझी आवराआवर

वरच्या मजल्यावरच्या जोडप्याच्या घरात त्या दुपारी मी फक्त एक खिडकी उघडली. एवढाच माझा गुन्हा. पुढचं सगळं वाऱ्याने केलं, असं मी अजूनही म्हणतो. (आमची ही म्हणते, वाऱ्याने पत्ते उडवले असतील, लावले कोणी?)

मी शिवणकाम करतो. जिन्याखाली माझं अल्टरेशनचं दुकान आहे, त्यामुळे इमारतीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, हे मला आपोआप कळतं. लोक याला चौकशा म्हणतात, मी आपुलकी म्हणतो. त्या आपुलकीला भुलूनच वरच्या दोघांनी घराची जादा किल्ली माझ्याकडे ठेवली होती. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. पहाटे जाते आणि दुपार कलल्यावर येते. नवरा छापखान्यात रात्रपाळीला. ती यायच्या आत निघतो आणि ती गाढ झोपल्यावर परततो. एका घरात संसार करणारी दोन माणसं जिन्यात भेटायची, तीही नशिबात असेल तर.

त्या दिवशी तो कामावर निघून गेल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. मी दार उघडून दिलं. तो काम उरकून निघून गेला. मीही निघायला हवं होतं. पण कुलूप लावण्याआधी घर एकदा नीट बघून घ्यावं असं मला वाटलं. (काय बघायचं होतं ते विचारू नका.) त्यात प्लंबरच्या त्या चिकट सोल्युशनचा वास कोंडलेला. म्हणून खिडकी.

जेवणाच्या टेबलावर चित्रांच्या पत्त्यांची लांबच लांब रांग मांडली होती. बर्फाचे डोंगर, काळा समुद्र, दाट रानं. रांगेवर लाकडाचे दोन काळे पक्षी. एक पार टोकाशी पोचलेला, दुसरा कुठच्या कुठे मागे. शेजारी आणखी पत्ते : एका डोळ्याचा दाढीवाला म्हातारा, हातोडा घेतलेला दांडगा गडी, गालात हसणारा एक बिलंदर पोरगा आणि आठ पायांचा घोडा. घोडा बघून मला वाटलं, छपाईत गडबड झालेला माल नवऱ्याने घरी आणला असणार.

तेवढ्यात वारा आला. म्हातारा सोफ्याखाली गेला, घोडा फ्रिजखाली, समुद्र आणि डोंगर घरभर.

आता शहाण्या माणसाने काय करावं? पत्ते गोळा करून ठेवावेत आणि झालं ते सांगून टाकावं. मी ते लावले. दुकानात दोऱ्याची रिळं लावतो तसे, फिकटाकडून गडदाकडे, निळ्याशेजारी निळा, हिरव्याशेजारी हिरवा. म्हाताऱ्याला वयाचा मान म्हणून सगळ्यांच्या पुढे बसवलं. पक्षी तर मघाशी एवढे लांब लांब होते की बघून मलाच कसंतरी झालं होतं. त्यांना मधोमध आणून चोचीला चोच लावून ठेवलं. टेबल कसं देखणं दिसायला लागलं.

खाली येऊन मी हे हिला अभिमानाने सांगितलं. ही बटणं लावत होती. सुई हवेतच राहिली.

मग हिच्याकडून कळलं ते असं. (सगळ्यांना सगळं विचारणारा मी, मला पत्ता नाही, कोणाला काही न विचारणाऱ्या हिला मात्र सगळं ठाऊक.) तो खेळ उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या देवांचा. एकडोळ्या म्हातारा हा त्या देवांचा राजा. त्याचे दोन डोमकावळे रोज जगभर उडून येतात आणि कोणाकडे काय चाललंय ते सगळं त्याच्या कानात सांगतात. ("तुमचेच भाऊबंद," ही म्हणाली.) एक कावळा नवऱ्याचा, एक बायकोचा, आणि दोघांची शर्यत. तो कामावर निघण्याआधी आपली चाल खेळून जायचा, ती आल्यावर आपली.

हा वेळ घालवायचा खेळ नव्हता. रात्रपाळी सोड, असं तिचं म्हणणं. रात्री मी मशीनचा मुख्य आहे, दिवसा दुसऱ्याच्या हाताखाली राबू का, असं त्याचं. यावरून भांडून भांडून दोघांनी बोलणंच टाकलं होतं. शेवटी एकमेकांना चिठ्ठ्या लिहून ठरवलं, शर्यत जो जिंकेल त्याचं ऐकायचं.

"जिंकत कोण होतं?" मी विचारलं.

"तो. टोकाला पोचायला एकच पत्ता राहिला होता. काल ती इथे या स्टुलावर बसून रडली. तुम्ही कोपऱ्यावर कोणाची चौकशी करायला गेला होतात."

मी किल्ली घेऊन धावलो. जिन्यात तीच समोर आली, लॅबमधून परतणारी. सांगायचं होतं सगळं, तोंडातून निघालं, "नळ छान झालाय." ती दमलेली हसली आणि वर गेली. मी कठड्याला कान लावला. आधी काहीच नाही. मग दार आपटलं आणि ती पांढऱ्या कोटातच खाली उतरून, माझ्याकडे न बघता, छापखान्याच्या दिशेने तरातरा निघून गेली.

संध्याकाळभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा खिसा मी वरून शिवून टाकला. दोघांच्या घरात काडी पडली, आणि ती मी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एकत्र खाली उतरले. एकत्र! तीही लॅबला न जाता. मी टेपशी चाळा करत बसलो. वाटलं, कदाचित पक्षी तिने हलवले असं त्याला वाटलं असेल आणि त्याने हलवले असं तिला. तसं असेल तर गप्प राहण्यातच पुण्य आहे.

"बोलताय की मी बोलू?" ही म्हणाली.

मी बोललो. वारा, सोफा, रिळं, चोची, सगळं.

"काका, ते कालच कळलं," ती म्हणाली. "पत्ते रंगवार लावणारा माणूस इमारतीत दुसरा कोण आहे?"

मला जरा धीर आला. "म्हणजे ते पक्षी असे जवळजवळ बघून तुमची मनं..."

"छे हो," नवरा म्हणाला. "ही गेटवर आली ती तुमचा उद्धार करतच. मलाही राग आला, मी जिंकत होतो ना. मग आम्ही दोघं बाहेरच्या कट्ट्यावर बसून तुम्हाला बोललो. किल्ली द्यायची कल्पना कोणाची इथपासून सुरुवात. पाळी सुरू झाली, मशीन माझ्यावाचून चालू झालं, तरी आमचं संपेना." मग तो बायकोकडे न बघताच म्हणाला, "किती दिवसांनी हिचा आवाज ऐकला, काका. घरी मी येतो तेव्हा ही झोपलेली असते. मग वाटलं, तुम्हाला नावं ठेवायला का होईना, संध्याकाळी हिच्याशेजारी बसायला मिळावं. आज कामावर गेलो की साहेबांकडे दिवसपाळी मागतोय."

तिने त्याच्या शर्टाची कॉलर तेवढी नीट केली. (कॉलर आधीच नीट होती. शिंप्याला कळतं.)

मी म्हणालो, म्हणजे एका अर्थी हा संसार माझ्यामुळेच सावरला.

"एका अर्थी, हो," ती म्हणाली. "अजून बरंच बोलायचं राहिलंय तुमच्याबद्दल. काकू, तुम्ही येता का वर?"

हिने सुई खाली ठेवली. एवढ्या वर्षांच्या संसारात हिला इतक्या झटपट उठताना मी पाहिलं नव्हतं. "चला," ही म्हणाली, "तुम्हाला सुरुवातीपासून सांगते."

मी दुकानात एकटा उरलो. थोड्या वेळाने वरून तिघांच्या हसण्याचा आवाज यायला लागला आणि थांबेचना. इमारतीत काय चाललंय ते मला कोणाला विचारावं लागलं नाही, असा तो पहिलाच दिवस.