एकवीस दिवसांचं शिकागो

सख्खं भावंड कितीही जिव्हाळ्याचं असलं, तरी त्याला तीन आठवडे मोकळं सोडणं धोक्याचं असतं. मोकळं माणूस बोलू लागतं. हा धोका ओळखून शिकागोच्या नेपरव्हिल या उपनगरातल्या मराठी मंडळींनी पाहुण्यांसाठी एक शिस्तबद्ध पद्धत घालून दिली आहे. ती इतकी निर्दोष आहे, की गेल्या सहा वर्षांत तिथे आलेल्या एकाही पाहुण्याला दुपारी घरात टेकलेलं कोणी पाहिलेलं नाही.

पद्धत म्हणजे एक एक्सेल फाइल. मंडळाच्या याहू ग्रुपवर ती मिळते. एकवीस दिवस, एकवीस ओळी. दिवस दुसरा : सिअर्स टॉवर, एकशे तिसरा मजला (ढग असल्यास ढग दाखवावेत). दिवस पाचवा : मिलेनियम पार्कातलं चकचकीत 'बीन', ज्यात शहर वाकडं आणि पाहुणा जाड दिसतो. दिवस नववा : आउटलेट मॉल. दिवस दहावा : आउटलेट मॉल, कालच्या वस्तू बदलून आणणे. थंडीसाठी एक मरून जॅकेट आहे, ते चौदा घरांत फिरतं. कोणाचाही अल्बम उघडा, सरोवराच्या काठी तेच जॅकेट उभं असतं. वरचं डोकं तेवढं बदलतं.

२००७च्या एप्रिलमध्ये याच मंडळातल्या सुशांतने आपल्या ताईला बोलावलं, ते मात्र खास बोलण्यासाठीच. नीलांबरीताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. नागपूरला, बाबांच्या मागच्याच गल्लीत राहणारी. जूनमध्ये तिच्या नवऱ्याची भिलाईला बदली होणार होती आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा एकटे पडणार होते. बाबांचं काय करायचं, हे ती आठ महिने फोनवर विचारत होती. "बघू ना ताई. हे असं फोनवर नको, निवांत समोरासमोर बोलू," असं तो आठ महिने सांगत होता. अखेर समोरासमोर बोलण्यासाठी त्याने आमंत्रणाचे कागद पाठवले (रीत म्हणून बाबांचंही नाव घालून) आणि त्याच दिवशी फाइल उतरवून घेतली.

फाइलने आपलं काम चोख केलं.

टॉवरवर ताई म्हणाली, "सुशा, बाबांनी परवा गॅस तसाच चालू ठेवला होता रे."

"ताई, ते बघ, तिकडे इंडियाना!"

"कुठे?"

"धुक्यात आहे."

नदीतल्या बोटीत तिने पुन्हा विषय काढला, तेव्हा गाइड एका इमारतीच्या खांबांविषयी सांगत होता. सुशांतने आयुष्यात प्रथमच खांबांमध्ये रस घेतला. परतताना गाडीत मागून त्याची सात वर्षांची ज्ञानदा म्हणाली, "डॅड, आत्या इज क्रायिंग."

"सायनस आहे तिला," सुशांत म्हणाला. "हवा बदलली की होतं."

दिवस एकोणिसावा : डीप डिश पिझ्झा. हा पिझ्झा भाजायला पंचेचाळीस मिनिटं लागतात. म्हणून ऑर्डर घरून निघतानाच फोनवर द्यावी, असं फाइलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. सुशांत विसरला. त्यात आश्लेषा, म्हणजे त्याची बायको, ज्ञानदाला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेलेली. पंचेचाळीस मिनिटं, बहीण समोर, आणि टेबलावर बघण्यासारखं काहीही नाही. त्याने भिंतीवर गिऱ्हाइकांनी कोरलेली नावं मोठ्याने वाचायला घेतली. बारा मिनिटांत नावं संपली.

"झालं वाचून?" ताई म्हणाली. "आता ऐक. बाबांचा व्हिसा झालाय. तुझ्याच कागदांवर. पाच जूनला येतायत."

"अगं, पण मला विचारायचं तरी!"

"मग आठ महिने काय करत होते मी? दर वेळी म्हणालास, बघू. आता बघ."

"किती दिवस पण?"

"सहा महिने. त्यापुढचं असं घाईत नको. निवांत बोलू."

पिझ्झा आला. सुशांतने सवयीने आधी फोटो काढला.

ताई गेल्यावर त्याने ऑफिसात फाइल उघडली, वरचं नाव पुसून 'बाबा' असं लिहिलं आणि तो मोजत बसला. सहा महिने म्हणजे एकशे ऐंशी दिवस. शिकागो एकविसाव्या दिवशी संपत होतं. उरलेले एकशे एकोणसाठ दिवस बाबा घरात, सोफ्यावर, समोर. ज्या माणसाशी वीस वर्षांत 'जेवलात का' आणि 'औषध घेतलं का' यापलीकडे तो गेला नव्हता, तो माणूस.

त्याने लाज बाजूला ठेवून ग्रुपवर सरळ विचारलं : 'वडील सहा महिने येत आहेत. त्यांच्याशी काय बोलतात?'

मंडळ तत्पर आहे. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस उत्तरं आली. त्रेचाळीस ठिकाणं, पार्किंगच्या सूचनांसह.

(वाचता वाचता आपल्यालाही एखादं सुचलं असेलच. तेही कळवावं.)